सी विंगमधल्या केकवाल्या

घरच्या ओट्यावर केक करून ओळखीपाळखीत विकणाऱ्या बाईला शहरी महाराष्ट्रात केकवाल्या म्हणतात. या नावाआधी विंगचं अक्षर लागतं. बी विंगमधल्या केकवाल्या, सी विंगमधल्या केकवाल्या. आडनाव तळमजल्यावरच्या पाटीवर असतं, पण ते वॉचमनलाही आठवत नाही. वय तिशी ते पन्नाशी, शिक्षण बहुधा बी.कॉम. किंवा इंजिनिअरिंग, आणि दोन्हींचा उपयोग आता फक्त पाऊण किलोच्या केकला मैदा किती, हे काढण्यापुरता. फ्लॅट नंबर ठाऊक नसला तरी बिघडत नाही. लिफ्टमध्ये व्हॅनिलाचा वास आला की उतरायचं.

ही जमात मार्च २०२० च्या टाळेबंदीत जन्मली, असं सर्रास मानलं जातं. ते अर्धंच खरं आहे. टाळेबंदीत यीस्टची पाकिटं दुकानांतून नाहीशी झाली आणि उभ्या जन्मात पाव न केलेल्या माणसांनी केळ्याचा ब्रेड केला, हे खरंच. पण मराठी घरांतलं भट्टीचं खूळ त्याहून जुनं. दिवाळीआधी रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप-डालडा घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत जायचं, मजुरी देऊन नानकटाई भाजून घ्यायची आणि भट्टीवाल्याने आपलं तूप बदललं असा संशय घेत पत्र्याचा डबा घरी आणायचा, ही रीत कित्येक घरांनी पाळली. पुढे झाकणात काच बसवलेला गोल ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन आला. तो वर्षातून दोनदा माळ्यावरून उतरे, आणि आत काय चाललंय ते बघायला सगळी मुलं त्या काचेवर डोकी आपटत. ज्यांच्याकडे तोही नव्हता त्या बायका कुकरची शिट्टी आणि रिंग काढून तळाशी वाळू पसरत. अंडं न चालणाऱ्या घरांत कंडेन्स्ड मिल्कचा डबा फुटे. केकवर क्रीम नसे. फार तर टुटीफ्रुटी, आणि तीही सगळी तळाशी गेलेली.

वसई-वांद्र्याच्या ख्रिस्ती घरांना आणि गोव्याला हा इतिहास लागू नाही. तिथे नाताळाच्या आधीपासून घराघरांत भाजणं चालतं. रवा-खोबऱ्याची बातिका होते, आणि एकेका थराला वरून निखाऱ्यांची धग देत बेबिंका करणारी माणसं अख्खा दिवस चुलीपाशी बसतात. तिथे केक करणारी बाई ही नुसती बाई असते, तिला वेगळं नाव पडत नाही.

केकवाल्यांची खरी पूर्वज मात्र ओव्हनपाशी सापडतच नाही. ती रुखवताच्या टेबलापाशी सापडते. सुपाऱ्यांची वरात, लोकरीची कुंची घातलेला नारळ, ताटाएवढी करंजी, संक्रांतीला हलव्याचे दागिने करणाऱ्या मावश्या प्रत्येक कुटुंबात होत्या. पदार्थ खायला नसून दाखवायला असतो, हा सिद्धान्त त्यांचा. मधल्या काळात रुखवत कंत्राटावर मिळू लागलं आणि या हातांना काम उरलं नाही. फॉन्डंटने ते परत दिलं. फॉन्डंट म्हणजे पुरणपोळीसारखी लाटता येणारी साखरेची कणीक. तिच्यातून हिरवं मैदान आणि तीन स्टंप होतात, आयटीतल्या जावयासाठी लॅपटॉप होतो, साठीच्या आजोबांसाठी टीव्हीसमोरची आरामखुर्ची आणि तिच्यावर चष्म्यासकट स्वतः आजोबा होतात. हे आजोबा कोणी कापत नाही. ते फ्रिजच्या दारात पुढचे दोन महिने उभे असतात, आणि जुलैच्या दमट हवेत साखरेला पाणी सुटून त्यांचं नाक खाली येतं.

सामान्य गृहिणीची केकवाल्या होण्याची प्रक्रिया वजनकाट्यापासून सुरू होते. मराठी स्वयंपाक अंदाजावर चालत आला. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली त्याला वाटी-चमच्याचं माप दिलं, तेव्हा तेच फार काटेकोर वाटलं होतं. केकला ग्रॅम लागतात. काटा एकदा ओट्यावर आला की चिमूट, ओंजळ, सढळ हात हे शब्द घरातून हद्दपार होतात आणि सून सासूबाईंच्या लाडवांकडे वळते.

“आई, बेसन किती ग्रॅम घेता?”

“अगं, तुपात बसेल तेवढं.”

या संवादातून आजवर एकाही घरात आकडा निघालेला नाही.

काट्यापाठोपाठ शास्त्र येतं. खाण्याच्या सोड्याला आंबट काहीतरी भेटलं की वायू सुटतो आणि केक फुगतो, म्हणून दही किंवा व्हिनेगर. मैद्यात ओलं गेल्यावर फार घोटलं तर ग्लुटेनचे धागे ताणले जातात आणि केकचा चिवट धोंडा होतो, म्हणून हलक्या हाताने, एकाच दिशेने. भजी करणाऱ्या जावेलाही हे ऐकावं लागतं. सर्वांत कडक नियम ओव्हनच्या दाराचा. पहिल्या वीस मिनिटांत दार उघडलं तर आतली गरम हवा निघून जाते, आणि केकचं अंग अजून धरलेलं नसल्याने तो मध्ये खचतो. घरातल्या प्रत्येक पुरुषाला नेमकं याच वेळी ‘झाला का?’ हे दार उघडून विचारायचं असतं. खचलेल्या केकचा खड्डा क्रीमने भरता येतो आणि बहुतेक वेळा भरला जातो. खाणाऱ्याला तो भाग सर्वांत आवडतो.

आयसिंग स्वयंपाकघरात होत नाही. मुंबईच्या उन्हाळ्यात ओट्यापाशी क्रीम उभं राहत नाही, म्हणून सगळा संसार एसी असलेल्या एकमेव खोलीत, म्हणजे बेडरूममध्ये हलतो. ड्रेसिंग टेबलावर टर्नटेबल येतं. कंगवे, पावडर, बीपीच्या गोळ्या खिडकीत जातात. एसी अठरावर, पंखा बंद, दाराला कडी. आत केकवाल्या स्वेटर घालून पॅलेट नाइफ फिरवत असतात, आणि रात्रपाळी करून आलेला नवरा उशी काखेत धरून हॉलमध्ये बसलेला असतो.

लिखाण हा या कलेतला सर्वांत अवघड भाग, आणि त्याची दखल कोणी घेत नाही. अर्ध्या किलोचा केक साधारण सहा इंच व्यासाचा. त्यावर इंग्रजी हॅपी बर्थडे सुखाने मावतं. पण हल्ली मराठी बाणा जागा झालेलं गिऱ्हाईक ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ मागतं. वितळलेलं चॉकलेट बटर पेपरच्या कोनात भरून हे लिहायला बसलं की पहिलं ‘वाढदिवसाच्या’ एका ओळीत बसत नाही. हार्दिकचा रफार वरच्या गुलाबाला चिकटतो. ‘च्छा’पाशी कोनाचं टोक बुजतं, जोर दिल्यावर एकदम ठिपका पडतो आणि शुभेच्छांना नको तिथे अनुस्वार मिळतो. तो काडीने उचलायचा, जागा सारवायची, वर चांदीचा मणी बसवायचा. केकवर जिथे विनाकारण एकटाच चंदेरी मणी दिसतो, तिथे खाली शुद्धलेखनाची चूक आहे असं खुशाल समजावं. सहस्रचंद्रदर्शनाची ऑर्डर आली तर अनुभवी केकवाल्या दीड किलोखाली घेत नाहीत.

सहस्रचंद्रदर्शनाला केक कशाला, हा प्रश्न आता कोणी विचारत नाही. डोहाळजेवण, बारसं, बोरन्हाण, साठीशांत, दहावीचा निकाल, कर्ज फिटलं त्याचा दिवस, सगळीकडे तो पोचला आहे. बाळाचा वाढदिवस पहिल्या वर्षी दर महिन्याला येतो. आधी निरांजन लावून औक्षण होतं आणि लगेच मेणबत्ती फुंकून विझवतात. दोन्हींच्या फोटोला सारखेच अंगठे मिळतात. गणपतीत मोदकाच्या आकाराचा केक निघतो, दिवाळीत रसमलाईचा. श्रावणात एगलेसची मागणी वाढते. पितृपक्षात धंदा बसेल असं वाटतं, पण वाढदिवस पंचांग बघून येत नाहीत, त्यामुळे त्या पंधरवड्यातही केक जातात, फक्त त्यांचे फोटो जरा उशिरा स्टेटसला लागतात.

ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, बहुधा रात्री साडेदहाला. “ताई, उद्या संध्याकाळी एक किलो हवाय. एगलेस. मैदा नको, गहू किंवा नाचणी. साखरेऐवजी गूळ चालेल. फार गोड नको. पण दिसायला अगदी असा.” सोबतच्या फोटोत परदेशातल्या कुठल्याशा लग्नाचा तीन मजली पांढराशुभ्र केक असतो. नाचणी आणि गुळाचा केक विटकरी होतो, हे समजावण्यात अकरा वाजतात. मग भाव. भाव ऐकला की पलीकडून काही वेळ ‘टायपिंग’ दिसतं, थांबतं, पुन्हा दिसतं. शेवटी येतं ते वाक्य सर्वत्र एकच आहे. “अहो, पण तुम्ही घरीच करता ना?”

त्या वाक्यात या धंद्याची सगळी गोम आहे. जुन्या काळी घरच्या पदार्थाची सर्वोच्च स्तुती ‘अगदी विकतच्यासारखं झालंय’ ही होती, आणि विकतच्या पदार्थाची ‘अगदी घरच्यासारखं’. केकवाल्या या दोन वाक्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उभ्या असतात. गिऱ्हाइकाला खात्री घरची हवी, झळाळी दुकानातली हवी आणि भाव माहेरचा. पुण्यात कँपातल्या कयानी बेकरीपुढे श्रूसबेरी बिस्किटांसाठी उन्हात रांगेत उभं राहून सांगतील ती किंमत मोजणारा माणूस सी विंगमध्ये येऊन मैद्याचा किलोचा दर विचारतो. वीज, चॉकलेट, खोका, फसलेला पहिला केक आणि रात्री दोनपर्यंतचं जागरण यांचा दर त्याला ठाऊक नसतो.

यातली ‘घरचं’ ही गोष्टही तपासण्यासारखी आहे. वरचं क्रीम बहुतेक वेळा दुधाचं नसतं. ते वनस्पती तेलापासून केलेलं, गोठवलेल्या लिटरच्या खोक्यात येतं. काहींचा केकही तयार मिश्रणाचा असतो. यात लबाडी काही नाही. दुधावरची साय नागपूरच्या मे महिन्यात दहा मिनिटंही गुलाब होऊन उभी राहणार नाही. खोक्यावर अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी नंबर छापून घेतलेल्या केकवाल्या हे विचारल्यास सरळ सांगतात. विचारत कोणी नाही.

कुटुंबावर होणाऱ्या परिणामांत पहिला फ्रिजचा. चरबीयुक्त क्रीम भोवतीचा वास पटकन ओढून घेतं, त्यामुळे चिरलेला कांदा, लसणाची चटणी, आदल्या दिवशीची कोळंबी यांना घरात आसरा मिळत नाही. भाज्या जिन्यात टोपलीत राहतात. दह्याचं भांडं शेजारी जातं, आणि शेजारणीकडून अर्धं परत येतं. मुलांना पहिलं वर्ष स्वर्गाचं. केक सपाट करताना कापलेल्या कडा आणि टोप्या त्यांच्याच. दुसऱ्या वर्षी ती शाळेच्या डब्यात पोळी-भाजी मागू लागतात, आणि स्वतःच्या वाढदिवसाला “आई, या वर्षी मिसळ कर” म्हणतात. मधुमेही सासरे अधिकृत परीक्षक असतात. त्यांचं मत दर वेळी एकच, अजून एक तुकडा खाल्ल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. सासूबाई सुरुवातीला मैद्याविरुद्ध बोलतात. पुढे भिशीतल्या बायका सुनेचं नाव घेऊन ऑर्डर द्यायला लागल्या की त्या हिशेबाची वही आपल्याकडे घेतात आणि उधारी पूर्ण बंद होते. केकवाल्यांना शंभर रिल्सनी जमलं नसतं ते एका वहीने होतं.

नवरा डिलिव्हरीला असतो. त्याला हे काम कोणी दिलेलं नसतं, ते त्याच्या अंगावर पडतं. स्कूटरवर पायापाशी खोका ठेवून दोन किलोमीटर जाण्याला चाळीस मिनिटं लागतात. शहरातला प्रत्येक गतिरोधक त्याला उंचीसकट पाठ होतो. मागून हॉर्न देणाऱ्याला तो हाताने खोक्याकडे दाखवतो आणि तो माणूस समजून बाजूने जातो. एरवी ट्रॅफिकमध्ये न दिसणारी माणुसकी दोनच गोष्टींना मिळते, तान्हं मूल आणि केक. यजमानीणबाईंनी दार उघडून “पैसे ऑनलाइन करते हं दादा” म्हटल्यावर, आपण एका कंपनीत सीनियर मॅनेजर आहोत, हे तो सांगत नाही.

पुरुषांमध्येही एक पोटजात आढळते, पण ती केक करत नाही. ती सावरडो पाव करते. हिंजवडीत कोड लिहिणारा हा गृहस्थ काचेच्या बरणीत पीठ-पाणी आंबवून ठेवतो, त्या आंबवणाला नाव देतो, रोज खाऊ घालतो आणि गावाला जाताना शेजाऱ्यांना त्याच्यासाठी लेखी सूचना देऊन जातो. घरातलं विरजण तीन पिढ्या न चुकता लागत आलं, त्याला कधी नाव मिळालं नव्हतं, असं त्याची आई एकदा म्हणते. पुण्याच्या उन्हाळ्यात त्याचं पीठ परदेशी पुस्तकात दिलेल्या वेळेच्या निम्म्यात फुगून बरणीबाहेर येतं. पाव दोन दिवसांनी तयार होतो, आणि त्याची साल कापायला नारळ फोडायचा कोयता आणावा लागतो. तो विकत नाही. फुकट देतो, त्यामुळे त्याला टाळणं जास्त कठीण.

केकवाल्यांची कारकीर्द साधारण चार-पाच वर्षांनी शेवटच्या टप्प्यात येते. मनगट दुखू लागतं, पाठीला पट्टा लागतो, आणि त्या क्लास सुरू करतात. एका शनिवारी आयसिंग, दुसऱ्या शनिवारी फॉन्डंट, फीमध्ये नोट्स आणि एप्रन. क्लासला सगळ्या आसपासच्याच येतात. ए विंगमधल्या दोघी, डी विंगमधली एक, समोरच्या टॉवरमधल्या चौघी. सहा महिन्यांत त्या प्रत्येकीचं स्टिकर छापून होतं आणि अर्ध्या किलोचा भाव सोसायटीभर पन्नास रुपयांनी उतरतो. तेव्हापासून केकवाल्या क्लासमध्ये चॉकलेट गनाशचं प्रमाण थोडं पातळच सांगतात.