मीठ कोण घालणार?

घरात पाण्याचा सॉफ्टनर बसवताना सर्वप्रथम मीठ घालणारा माणूस निश्चित करावा. जागा, पाइप, प्लंबर हे सारे नंतर. विक्रेते हा क्रम उलटा सांगतात, कारण असा माणूस त्यांच्या दुकानात मिळत नाही. हिशेब मात्र आपल्या बाजूने आहे. बोअरच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 500 मिलिग्रॅम धरा (भारतीय मानकात पिण्यासाठी 200 पर्यंत चालतो, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत). चौघांचे घर, माणशी 135 लिटर, म्हणजे रोज 540 लिटर पाणी आणि त्यातून 270 ग्रॅम कठीणपणा. सॉफ्टनरमधले 25 लिटर रेझिन एका दमात साधारण सव्वा किलो धरून ठेवते. पाचव्या दिवशी ते भरते आणि धुऊन निघण्यासाठी तीन-चार किलो मीठ मागते. तेव्हा उमेदवार निवडताना उत्साहाला गुण देऊ नयेत. पहिल्या आठवड्यात सगळेच उत्साही असतात. दर पाचव्या दिवशी, कोणी न सांगता, गच्चीवर जाणारा माणूस हवा. कुटुंबात तसा कोणीही नसणे ही सर्वसाधारण परिस्थिती होय.

यावर स्वयंचलित यंत्राचे नाव पुढे केले जाते. ते यंत्र धुण्याची वेळ ओळखते, मिठाचे पाणी ओढते, स्वतःच धुऊन निघते. मिठाची गोणी मात्र आपण होऊन जिने चढत नाही. दुसरा आक्षेप पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवाल्यांचा: सॉफ्टनरनंतरही आकडा जवळपास तोच, म्हणजे फसवणूक! तसे नाही. रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम ठेवून घेते आणि बदल्यात सोडियम देते; क्षार बदलतात, घटत नाहीत. तपासायचेच तर बाटलीत पाणी घेऊन साबणाचे थेंब टाकावेत आणि हलवावे. फेस आला तर मीठ घातलेले आहे. पांढरट साका दिसला तर घरात बैठक बोलवावी. याच सोडियमची लिटरला सुमारे 230 मिलिग्रॅम भर पडते, म्हणून स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या नळाची लाइन वेगळी ठेवावी. मग डाळ शिजत नसल्याची तक्रार राहील. राहू द्यावी.

आता पाइप. सॉफ्टनर गच्चीवरच्या टाकीनंतर आणि गिझरच्या आधी जोडावा. धुण्याचे खारट पाणी थेट गटारात सोडावे, कुंड्यांत नव्हे. शेजारून बायपास ठेवावाच. मीठवाला माणूस अखेरपर्यंत सापडला नाही, तर बायपासचा व्हॉल्व्ह तेवढा उत्तम पितळी घ्यावा. पुढची सगळी वर्षे घराचे पाणी त्यातूनच जाणार आहे.