सत्तावीसनंतर ‘एक’ कसा?

घरात सापशिडीचा पट असेल तर आज रात्री काढा. मूल जिंकतंय की हरतंय ते सोडा. सोंगटी हलवताना ते तोंडानं काय म्हणतं, तेवढं ऐका.

माझी भाची पहिलीत आहे. मध्यंतरी तिची सोंगटी २७ वर होती आणि फाशावर चार पडले. तिनं टकटक घरं मोजली, “एक, दोन, तीन, चार!” आता कुठे आलीस, असं विचारलं तर वाकून आकडा शोधायला लागली. पट शंभराचा, पण पोरीची मोजणी सहापुढे जातच नव्हती.

मग नियम बदलला. ज्या घरात सोंगटी, त्या घराचं नाव घ्यायचं. “अठ्ठावीस... तीस!” सोंगटी एक घर पुढे, तोंड दोन घरं. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. जे घर अजून आलेलंच नाही, त्याच्यावरून आधीच्या घराचं नाव! मराठी मुलं अडखळतात ती इथेच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा आपण मोठी माणसं भरपूर भांडलो. पण एकोणतीस, एकोणचाळीस तोंडात बसतात ते सरावानं. रोज दोन डाव झाले आणि चौथ्या दिवशी भाची एकोणतीसला थांबेनाशी झाली.

अमेरिकेत रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये अशाच खेळाचा परिणाम तपासून मांडला. गरीब घरांतली बालवाडीची मुलं, एक ते दहा घरांचा साधा पट, सगळा मिळून तासाभराचा खेळ. तेवढ्यानं मुलांची आकड्यांची समज वाढली. तसाच पट, पण आकड्यांऐवजी नुसते रंग, त्यावर खेळलेल्या मुलांना हा फायदा झाला नाही.

म्हणून मोबाइलवरच्या सापशिडीला माझा विरोध आहे. तिथे सोंगटी आपणहून सरकते, म्हणजे मुलानं करायचं तेवढंच काम यंत्र करून टाकतं. आणि ‘शैक्षणिक’ असा शिक्का मारलेल्या महागड्या डब्यांचीही गरज नाही. ताराबाई मोडकांनी बोर्डीत १९४५ मध्ये ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा परदेशी साधनं परवडत नाहीत म्हणून त्या अडून बसल्या नाहीत. शंख-शिंपले, बिया, खडे यांवर त्यांनी मुलांना शिकवलं.

पट नसेल तर फरशीवर खडूनं घरं आखा. फासा नसेल तर तीन चिंचोके फोडून सहा डाळी करा; जितक्या पांढऱ्या वर पडतील तितकी घरं चालायची. जेवणं झाल्यावर वीस मिनिटं मुलासमोर मांडी घालून बसा, आणि प्रत्येक घराचं नाव त्याच्याकडून मोठ्यानं वदवून घ्या.