एक दात मागे : एका उस्तादास खुले पत्र

उस्ताद,

तुमचं नाव मला माहीत आहे आणि गॅरेजही माहीत आहे. दोन्ही इथे लिहीत नाही. तुम्ही केलंत ते करणारे हात गावोगावी आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाने हे पत्र आपल्याच नावे आलंय असं समजून वाचावं, एवढ्यासाठी.

आरोप सरळ आहे. 1968 सालची, म्हैसूरच्या कारखान्यातली जावा 250 तुमच्याकडे मागच्या ब्रेकसाठी आली होती. पेडल फार खाली जात होतं. रॉडच्या टोकाचा नट आट्यांच्या शेवटापर्यंत आवळून झाला होता, आणखी आवळायला जागाच उरली नव्हती. तुम्ही ब्रेकच्या लिव्हरचा बोल्ट सैल केलात, लिव्हर कॅमच्या दात्यांवरून ओढून काढलात, एक दात मागे घेऊन पुन्हा बसवलात आणि नट पुष्कळ बाहेर आणलात. पेडल वर आलं. तेव्हाच्या मालकाने पाय दाबून पाहिला, मान डोलावली, पैसे दिले. पुढे ती गाडी मी घेतली, तेव्हा तुमच्या कामाचं कौतुक त्याने मला आवर्जून ऐकवलं: उस्तादांनी चाकसुद्धा न खोलता ब्रेक करून दिला!

चाकसुद्धा न खोलता. त्याला जे कौतुक वाटलं, तोच माझा आरोप आहे.

अडाणी मिस्त्रीला हे सुचलं नसतं, हे मी मान्य करतो. त्याने नटावर पाना चालवला असता, नट फिरेना म्हटल्यावर डोकं खाजवलं असतं आणि निरुपाय म्हणून चाक उतरवलं असतं. लिव्हर दात्यांवर बसतो, एक दात मागे घेतला की तेवढाच कॅम पुढे वळलेला राहतो आणि झिजलेले शू पुन्हा ड्रमच्या जवळ येतात, हे कळायला ब्रेक आतून पाहिलेला असावा लागतो. तुम्ही तो पाहिलेला आहे. म्हणूनच तुम्हाला माफी नाही. ज्याला कळत नाही त्याला शिकवता येतं. ज्याला कळतं आणि जो तेच कळणं दुसऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायला वापरतो, त्याला काय शिकवायचं?

तुम्हाला पाठ असलेलं इथे पुन्हा लिहितो, कारण हे पत्र तुमची गिऱ्हाइकंही वाचणार आहेत. त्या जावाचा ड्रम 160 मिलिमीटर व्यासाचा. आत दोन शू असतात. त्यांची एका बाजूची टोकं पिनेवर टेकतात आणि दुसऱ्या बाजूची कॅमवर. कॅम हा चपट्या बाजूंचा लोखंडी तुकडा. पेडल दाबलं की रॉड लिव्हर ओढतो, लिव्हर कॅम वळवतो, कॅम शू फाकवतो आणि लायनर ड्रमला घासतात. पाय काढला की आतल्या स्प्रिंगा शू जवळ ओढतात आणि त्या शूंच्या दाबाने कॅम परत आडवा होतो. एवढीच ही करामत. त्यात तेल नाही, पंप नाही, सेन्सर नाही.

आता लायनर झिजले की शू ड्रमपर्यंत पोचायला कॅमला जास्त वळावं लागतं. ते भरून काढायला आपण नट आवळतो. प्रत्येक आवळणीबरोबर लिव्हर थोडा पुढे झुकतो आणि रॉडचे आटे नटाच्या बाहेर जास्त दिसू लागतात. पेडल दाबून धरलेलं असताना रॉड आणि लिव्हर यांच्यात काटकोन असावा, तेव्हा पायाचा जोर पुरेपूर कॅमला मिळतो. त्याच्यापुढे 45 अंश गेलं की जोराचा जवळजवळ तीस टक्के भाग वाया जातो. पुढच्या काळात जपानी बनावटीच्या बऱ्याच मोटारसायकलींवर कॅमला छोटा बाण बसवलेला आला, झीज बाहेरून कळावी म्हणून. जुन्या गाड्यांवर हा बाण नाही. तिथे लिव्हरचा झुकाव आणि संपलेले आटे, हीच आतल्या झिजेची साक्ष. ब्रेक बाहेरच्या माणसाला सांगत असतो की आता मला उघडा. तुम्ही तो साक्षीदार फितवलात. लिव्हर सरळ उभा, आटे शिल्लक, पेडल वर. आणि आत लायनर संपत आलेले.

त्याचं पुढे काय झालं, ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे अंबेनळीचा घाट उतरत होतो. जावाचं इंजिन टू-स्ट्रोक. थ्रॉटल बंद करून उताराला लावलं तरी फोर-स्ट्रोकसारखं ते गाडी धरून ठेवत नाही. शिवाय ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं. थ्रॉटल बंद ठेवून लांब उतार उतरलात तर इंजिनाला तेलही जेमतेमच पोचतं. म्हणजे अशा घाटात सगळा भार दोन्ही ब्रेकवर. प्रतापगडाचा फाटा मागे टाकल्यावर एका आवळ वळणाआधी मी मागचा ब्रेक दाबला आणि पाय उचलला. पेडल वर आलंच नाही. चाक जाम. वेग कमी होता, गाडी डोंगराकडच्या बाजूला घसरत जाऊन थांबली, समोरून एस.टी. येत नव्हती. यातलं एकही तुमच्या कारागिरीमुळे घडलेलं नाही.

झालं होतं असं: लायनर इतके पातळ होते की कॅम वळता वळता जवळजवळ उभा राहिला. कॅम उभा राहिला की स्प्रिंगा कितीही ओढोत, त्याला परत आडवं पाडण्याइतकी पकड त्यांना मिळत नाही. शू फाकलेलेच राहतात आणि चाक अडकतं. नट आट्यांच्या टोकाशी का संपतो, याचं हेच उत्तर आहे. कॅम त्या धोक्याच्या जागी पोचण्याआधी माणसाने ड्रम उघडावा, यासाठी ती हद्द आहे. ती हद्द तुम्ही एका बोल्टाने पुढे ढकललीत आणि माझ्या आधी त्या गाडीवरून कोण कोण डबलसीट फिरलं असेल, त्या सगळ्यांच्या जिवावर ढकललीत.

लिव्हरची जागा कधी बदलूच नये, असं माझं म्हणणं नाही. नवे शू बसवल्यावर काटकोन साधण्यासाठी दाते मोजून लिव्हर बसवावाच लागतो. ते ब्रेक उघडल्यानंतरचं काम आहे. न उघडता केलं की तीच कृती लबाडी ठरते. आणि उघडायला किती वेळ लागला असता? या जावाची तर खुबी अशी की एक्सल ओढला की चाक बाहेर येतं. चेन आणि मागचं स्प्रॉकेट आपल्या जागीच राहतात. त्या काळच्या इंजिनिअरांनी तुमचा हात काळा होऊ नये याची काळजी घेतली होती. तुम्ही मात्र गाडीवर बसणाऱ्याची घेतली नाही.

खरं काम काय होतं, तेही लिहून ठेवतो. चाक काढायचं. धूळ फुंकायची नाही, हवेचा पाइपही मारायचा नाही. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असायचं आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की आयुष्यभराचा आजार देतात; तुमच्या हाताखालचा पोरगा तिथेच वाकून बसलेला असतो. ओल्या फडक्याने पुसायचं. लायनर 2 मिलिमीटरपर्यंत आले असतील, तेलाने माखले असतील किंवा रिव्हेटची डोकी वर आली असतील, तर बदलायचे. रिव्हेट ड्रमला लागली की ड्रममध्ये चर पडतो आणि मग लेथवर न्यावं लागतं. कॅम आणि पिन साफ करून ग्रीस द्यायचं, पण अगदी पुसट. जास्त झालं की ते तापून लायनरवर उतरतं. चाक बसवताना एक्सलचा नट शेवटचा आवळण्याआधी पेडल दाबून धरायचं, म्हणजे दोन्ही शू ड्रमशी मधोमध बसतात. मग गाडी स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवत रॉडचा नट आवळायचा. शू घासल्याचा आवाज आला की आवाज जाईपर्यंत मागे घ्यायचा. नटाची खोबण लिव्हरच्या पिनेवर नीट बसली पाहिजे, नाहीतर तो वाटेत आपोआप फिरतो. पेडलच्या टोकाशी साधारण 20 ते 30 मिलिमीटर प्ले ठेवायचा आणि शेवटी माणूस गाडीवर बसवून पुन्हा पाहायचा, कारण शॉकअप दबले की चाकाची जागा हलते आणि रॉडचा ताण बदलतो.

चेनचंही तसंच. चेन ताणायला चाक मागे घेतलं की रॉड आपोआप खेचला जातो आणि प्ले कमी होतो. चेन आवळून ब्रेक न तपासता गाडी हातात देणारे तुमचे भाऊबंद मी पुष्कळ पाहिले आहेत. तो ब्रेक मग रस्ताभर चिकटत राहतो, ड्रम तापतो आणि तापलेला ड्रम फुगून शूपासून लांब जातो. लायनर चकाकतात, त्यांची पकड जाते. गिऱ्हाईक तक्रार करतं की ब्रेक लागत नाही, आणि त्यावर उपाय म्हणून नट आणखी आवळला जातो!

तुम्ही म्हणाल, गिऱ्हाईकच घाई करतं. करतं, खरं आहे. पण पेडल खाली का गेलं हे त्याला कळत नाही म्हणूनच तो तुमच्या दारात आलेला असतो. तुम्ही म्हणाल, जुन्या गाडीचे पार्ट मिळत नाहीत. जावा-येझदीचे शू पुण्याच्या नाना पेठेत विचारून बघा. आणि नाहीच मिळाले तर जुन्याच शूवर नवे लायनर लावून देणारे कारागीर अजून आहेत. खर्च काही शे रुपयांचा. तुम्ही म्हणाल, एवढे पैसे कोणी देत नाही. त्याच गाडीच्या टाकीच्या क्रोमला पैसे मिळाले होते. ब्रेकचं झाकण बफिंग करून आरशासारखं चकचकीत केलेलं होतं, त्यालाही मिळाले होते. त्या चकचकीत झाकणाच्या आत काय आहे, हे बघायचे पैसे तुम्ही मागितलेच नाहीत.

या गाड्यांना आता मान आहे. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या वाहनाला नंबरात व्हीए ही खास अक्षरं मिळू शकतात. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातलं उत्पादन 1961 मध्ये सुरू झालं आणि 1996 मध्ये बंद पडलं. आता आहेत त्या गाड्या जपायच्या, त्या कारखान्यातून नव्या येणार नाहीत. 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीचं झालं. तिथे चाक जाम होऊ नये म्हणून यंत्र पहारा देतं. जुन्या गाडीवर तो पहारा फक्त मिस्त्रीच्या नियतीचा असतो. म्हणूनच जुन्या गाडीचा मिस्त्री नव्या गाडीच्या मिस्त्रीपेक्षा जास्त सरळ असायला हवा.

तुमच्याकडून मला पैसे परत नकोत. मागणी अशी आहे. एक: ब्रेकला आलेल्या प्रत्येक जुन्या गाडीचं चाक उघडा आणि काढलेले शू गिऱ्हाइकाच्या हातात द्या. दोन: नवे लायनर बसवून लिव्हर नीट लागला की कॅमच्या टोकावर आणि लिव्हरवर समोरासमोर पंचाने एक-एक ठिपका मारा, म्हणजे तुमच्यानंतर कोणी तो सरकवला तर दिसेल. तीन: गिऱ्हाईक उघडू देत नसेल, तर बिलावर लिहा की ब्रेक आतून पाहिलेला नाही, आणि त्याची सही घ्या. चार: हाताखालच्या पोराला ही युक्ती शिकवली असेल, तर तिच्यामुळे चाक कसं जाम होतं तेही शिकवा, आजच.

आणि जुनी मोटारसायकल घेणाऱ्यांनो, टाकीवरून हात फिरवण्याआधी मागच्या चाकाशी बसा. रॉडचे आटे पाहा, पेडल दाबायला सांगून लिव्हरचा कोन पाहा. सगळं फारच नीट दिसत असेल तरीही चाक खोलून घ्या. उस्ताद नाराज झाला तर होऊ द्या. ज्याने काम केलेलं असतं, तो ड्रम उघडून दाखवायला कधीच नाराज होत नाही.

तुमच्या कारागिरीची किंमत कळलेला,
त्या जावाचा आताचा मालक