सोनुबाईचा लॅपटॉप

शेवग्याच्या शेंगा काढायला आकडी घेऊन मागच्या अंगणात गेलो, की कुंपणापलीकडून वहिनींची हाक ठरलेली. झाड आमचं, पण निम्मं त्यांच्या बाजूला झुकलेलं. त्यामुळे शेंगा अर्ध्या-अर्ध्या, बातम्या मात्र दोन्हीकडे पूर्ण.

"भाऊजी, कळलं का? कोपऱ्यावरच्या फोटोग्राफरचं अल्बमवरून वाजलं म्हणे."

"वाजलं कसलं, मुलीच्या वडिलांनी अल्बमच परत पाठवला. म्हणाले, हळदीच्या फोटोत आमची मुलगी कावीळ झाल्यासारखी दिसतेय."

"अगंबाई! पण त्यानं तर दिवाळीत नवा लॅपटॉप घेतलाय ना? कीबोर्डातून रंगीबेरंगी दिवे लागतात तो?"

"दिवे कीबोर्डात आहेत हो, पडद्यात कुठे रंग आहेत?"

वहिनींनी निवडायला घेतलेली मेथी भिंतीवर ठेवली. म्हणजे विषय घरचा होता. "मग जरा थांबा. आमच्याकडेही हेच चाललंय. धाकट्याला गेम खेळायला लॅपटॉप हवा, थोरलीला लग्नाचे फोटो एडिट करायला. ह्यांनी सांगितलंय, दोघांत एकच आणि साठ हजारांच्या आत."

माझी तीस वर्षं ऑफसेटच्या छापखान्यात प्रुफांवरचे रंग तपासण्यात गेली. असा विषय निघाला की मला राहवत नाही. "वहिनी, स्वस्तातल्या लॅपटॉपच्या माहितीत एका कोपऱ्यात '45 टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच, की एसआरजीबी नावाचा जो नेहमीच्या वापरातला रंगांचा संच आहे, त्यातले जेमतेम साठ-पासष्ट टक्के रंग तो पडदा दाखवतो. त्या फोटोग्राफरला हळद फिकी दिसली, म्हणून त्यानं रंग चढवला. तरी फिकीच, म्हणून आणखी चढवला. कागदावर चढवलेलं सगळं उतरलं."

"सर्दी झालेल्या माणसानं आमटीत मीठ घालावं, तसं!"

"अगदी तसं. म्हणून माहितीत '100 टक्के एसआरजीबी' असं शोधा. कुठे '72 टक्के एनटीएससी' लिहितात, तेही साधारण तेवढंच."

"पण धाकटा म्हणतो, पडदा कसला बघता, कार्ड बघा. आरटीएक्स 3050 पाहिजेच म्हणतो."

"त्याचंही खरं आहे. गेम चालतो तो ग्राफिक्स कार्डावर. पण नुसत्या नावावर जाऊ नका. ह्याच नावाचं कार्ड चार जीबीचंही येतं आणि सहा जीबीचंही. सहाचं घ्या, नवे गेम चारात घुसमटतात. आणि मिक्सर घेताना तुम्ही काय बघता?"

"वॅट. पाचशेच्या मिक्सरवर ओलं खोबरं वाटताना जीव जातो."

"तेच इथंही. एकाच नावाचं कार्ड एका लॅपटॉपमध्ये पंचेचाळीस वॅटवर चालतं, दुसऱ्यात पंचाहत्तरवर. नाव तेच, दम वेगळा. दुकानदार वॅट आपणहून सांगत नाही, विचारावे लागतात."

"म्हणजे नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा!" वहिनी हसल्या. "आणि ते कार्ड थोरलीच्या काय कामाचं?"

"आहे की. कमी उजेडातल्या फोटोत दाणे दिसतात ना, ते लाइटरूममधून काढायचे तर सगळा भार कार्डावरच पडतो. कार्ड नसलं तर एकेका फोटोला मिनिटं मोजत बसायचं. लग्नाचे फोटो शेकड्यांनी असतात."

"त्या लाइटरूमचे म्हणे दर महिन्याला पैसे भरावे लागतात?"

"हो, भाड्याच्या घरासारखं. सुरुवातीला डार्कटेबल वापरू दे. फुकट आहे आणि रॉ फोटो नीट उघडतं."

"आणि ती रॅम? आठ जीबी पुरेल का?"

"नाही पुरणार. सोळा लागेल. पण साठात बसत नसेल तर आज आठची एक पट्टी चालवून घ्या, दुसरी नंतर टाकता येते. दोन पट्ट्या झाल्या की गेमही जरा सुरळीत चालतो. फक्त घेण्याआधी विचारा, दुसऱ्या पट्टीला जागा मोकळी आहे ना? काहींत रॅम बोर्डालाच डाग देऊन बसवलेली असते. एसएसडीचंही तसंच, 512 जीबी आज पुरे, नंतर वाढवता येते. कार्ड आणि पडदा मात्र घेतला तसाच जन्मभर."

एवढ्यात आतून ह्यांचा, म्हणजे वहिनींच्या ह्यांचा, आवाज आला. "बॅटरी किती तास चालते, तेही विचारा!"

"गेम खेळताना बॅटरीचं नाव काढू नका," मीही आवाज चढवला. "वायर काढली की कार्ड मंदावतं आणि बॅटरी दीड-दोन तासांत झोपते. चार्जर विटेएवढा असतो, तो सोबत न्यायचाच. आणि गोधडीवर ठेवून खेळू नको म्हणावं. खालची जाळी बुजली की पंखा गिरणीसारखा ओरडतो."

"भाऊजी, समजा कार्ड चांगलं मिळालं आणि पडदा तसला मिळाला, मग?"

"तर कार्डवाला घ्या. पुढेमागे आठ-दहा हजारांचा चोवीस इंची आयपीएस मॉनिटर जोडा आणि थोरलीचं काम त्यावर होऊ दे. पण दोन्ही चांगलं मिळत असेल, तर दिव्यांच्या कीबोर्डासाठी आणि डब्यावरच्या मोठ्या आकड्यांसाठी जास्तीचा एक रुपयाही देऊ नका."

वहिनींनी मेथी उचलली, मी आकडी. जाता जाता एवढंच सांगितलं, "दुकानात जाताना थोरलीला हळदीचा एक चांगला छापलेला फोटो न्यायला सांगा आणि त्याचीच फाइल पेनड्राइव्हवर. पडद्याशेजारी फोटो धरून बघायचं. ज्या पडद्यावर हळद हळदीसारखी दिसेल, तोच लॅपटॉप घरी आणायचा."