सात रस्ते, एक तोंड

सोलापूरच्या सात रस्त्याला रात्री पुण्याच्या ट्रॅव्हल्सची वाट बघत उभं राहिलं, की ब्रह्मदेवाची एक चूक ध्यानात येते. त्यानं पापण्या डोळ्यांना दिल्या, कानांना द्यायच्या विसरला. रस्ते सात असल्यामुळं प्रत्येक गाडीवाल्याला वाटतं, बाकीचे सहा आपल्याला अडवायलाच केलेत. म्हणून तो हॉर्नवरचा अंगठा काढतच नाही. त्यावर ‘पुणे, पुणे, पुणे’ हा अखंड जप.

अशा जागी परवा भाच्यानं मला कोड्यात पकडलं. तो इंग्रजी बोलायच्या क्लासला जातो.

“मामा, ‘पाइप डाउन’ म्हणजे काय, सांगा बघू.”

“कुठं फुटली?” मी दचकून विचारलं.

“काय फुटली?”

“पाइपलाइन रे! म्हणजे पाणी अजून दोन दिवस पुढं गेलं म्हण की.”

त्यानं कपाळाला हात लावला. ‘पाइप डाउन’ म्हणजे गप्प बस, असं त्याला शिकवलं होतं. फी भरायची बोलायला शिकण्यासाठी, आणि शिकायचं काय, तर दुसऱ्याला गप्प कसं करायचं! पण शब्दामागची गोष्ट मला आवडली. जुन्या जहाजांवर रात्री एक शिट्टी वाजायची. ती ऐकली की खलाशी गुमान खाली झोपायला जायचे. सात रस्त्यालाही शिट्टी वाजते. वाहतूक पोलीस जीव तोडून वाजवतो. इथला खलाशी तिला हॉर्ननं साथ देतो.

दुसरा धडा ‘पुट अ सॉक इन इट’. म्हणजे तोंडात मोजा कोंब. ग्रामोफोनचा आवाज कमी करायला त्याच्या कर्ण्यात मोजा कोंबत, अशी कथा सांगतात. भाषेचे अभ्यासक तिच्यावर फारसा भरवसा ठेवत नाहीत. माझा आक्षेप वेगळाच आहे. जगाला टॉवेल पुरवणाऱ्या गावानं तोंडात मोजा का कोंबून घ्यावा? सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. कोंबायचंच असेल तर मानांकन असलेलं कोंबा.

तिसरा धडा ‘मम्स द वर्ड’. भाच्याला वाटलं, इथं आईचाच शब्द चालतो. घरात ते खरंच आहे. पण तो ‘मम्’ म्हणजे मिटल्या ओठांतून येणारा आवाज. आपल्याकडं यालाच मूग गिळणं म्हणतात. मूग नसतील तर मिठाची गुळणी धरतात. इंग्रजाच्या तोंडात मोजा, आपल्या तोंडात निदान खायची वस्तू.

खरं तर सोलापूरकराला यासाठी क्लासची गरजच नाही. चार गल्ल्या फिरला, तर चार भाषांत गप्प होऊन घरी येतो. एकीकडं ‘सुम्न कुंद्रू’, दुसरीकडं ‘नोरु मूसुको’, तिसरीकडं ‘चुप बैठ रे’, आणि घरात पाऊल टाकताच ‘गप की बे!’ एवढं करूनही कुणी गप्प झाल्याचं ऐकिवात नाही. अपवाद फक्त तोंडात तंबाखूचा मावा धरलेल्या माणसाचा. तो पत्ता विचारणाऱ्याला मान वर करून, नुसत्या भुवयांनी विजापूर रोड दाखवतो.

शहाणपणानं गप्प करायची भाषा मात्र वेगळीच. ती कार्यालयात शिकायला मिळते. पाच दिवसांनी येणारं पाणी सहाव्या दिवशीही आलं नाही, म्हणून मी एकदा एका टेबलापुढं उभा राहिलो. साहेब ‘गप्प बसा’ म्हणाले नाहीत. ते म्हणाले, “लेखी द्या.” लेखी दिलं. “बघू,” म्हणाले. पुन्हा गेलो. “वरून आदेश नाहीत.” आवाज चढला नाही, चहासुद्धा पाजला. बाहेर आलो तेव्हा ध्यानात आलं, आपण गप्प झालोय.

गंमत अशी, की ज्यानं गप्प व्हायला हवं त्याला कुणी काही म्हणत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. राहत्या वस्तीत रात्री 45 डेसिबल, दहानंतर उघड्यावर भोंगा बंद. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती एवढ्या मोठ्यानं वाजतात, की त्यांना हा नियम ऐकूच जात नाही. त्यांना कुणी ‘पाइप डाउन’ म्हणत नाही. ते आमच्या नळालाच लागू.

या गावाला गप्प करायचा सगळ्यात मोठा प्रयोग इंग्रजांनी मे 1930 मध्ये केला. मार्शल लॉ लावला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं. तरी सोलापूर गप्प बसलं नाही. जे मार्शल लॉला जमलं नाही, ते ‘लेखी द्या’ला जमलं.

भाच्याला मी सांगितलं, क्लास चालू ठेव. गप्प करायचे शब्द पाठ झाले असतील, तर आता प्रश्न विचारायचे शिकून घे. तुम्हालाही तेच सांगणं. टॉवेल तोंडात नको, खांद्यावर असू द्या, आणि पाणी कधी येणार, हे विचारत राहा.