मेगापिक्सेल-माहात्म्य
2006 च्या नोकिया एन73 चा कॅमेरा 3.2 मेगापिक्सेलचा, 2007 मध्ये बाजारात आलेल्या एन95 चा 5 चा. भिंग दोन्हींचं कार्ल झाइसचंच. साहजिकच एन95 वाला कुलीन ठरला आणि एन73 वाल्यानं चारचौघांत फोन खिशातच ठेवायला सुरुवात केली. पडदा मात्र दोघांचाही 240 बाय 320, म्हणजे अवघे 76,800 ठिपके. पण जे दिसतच नाही त्याचा अभिमान बाळगायला संस्कार लागतात.

पुढे 2012 मध्ये नोकियानंच 808 प्युअरव्ह्यूमध्ये 41 मेगापिक्सेल भरले आणि नेहमीचा फोटो आटवून 5 चा करून दिला. केवढा हा संयम! आता एकच सुधारणा उरते: पडदाच काढून टाकावा. फोटो किती छान आला, हे खोक्यावर छापलेलं असतंच.