प्लिंथच्या आधी मार्बल

कोथरूडमध्ये हल्ली दोन गोष्टी जोरात वर येतात, इमारती आणि मतं. मयूर कॉलनीपासून डहाणूकर कॉलनीपर्यंत कुठल्याही गल्लीत वळलं की पुनर्विकासाचा एखादा फलक दिसतोच. या कामासाठी नेमलेली सोसायटीची समिती हा प्राणी फार सावध असतो. बँकेतून किंवा एमएसईबीतून निवृत्त झालेले तीन-चार सभासद बिल्डरला महिनोन्महिने खुर्चीवर बसवून कार्पेट, कॉर्पस, घरभाडं आणि बँक गॅरंटीचा कीस पाडतात. प्लिंथ झाला नसताना कुणी लॉबीतल्या इटालियन मार्बलचे पैसे मागितले, तर त्याला दुसरा चहा मिळत नाही.

हेच सभासद खेळाडूंचा लिलाव पाहायला टीव्हीपुढे बसले की मात्र कर्णासारखे उदार होतात. "घ्या हो, घ्या! मोठा प्लेअर आहे, सोडू नका!" संघ शून्यातून उभा करायचा असला तरी पहिली खरेदी मार्बलचीच.

पुण्याच्या संघमालकांनी हा सल्ला शब्दशः मानला. मार्च 2010 मध्ये सहारा समूहाने पुण्याची आयपीएल फ्रँचायझी 37 कोटी डॉलरला, म्हणजे सुमारे 1,702 कोटी रुपयांना घेतली. एवढी मोठी बोली स्पर्धेत तोवर कुणीच लावली नव्हती. गहुंज्याचं स्टेडियम तयार नसल्याने पुणे वॉरियर्सचं पहिल्या वर्षीचं बिऱ्हाड नवी मुंबईत पडलं. 2011 च्या लिलावात प्रत्येक संघाला 90 लाख डॉलर खर्चता येत होते. पुण्याने त्यातले 21 लाख रॉबिन उथप्पावर आणि 18 लाख युवराज सिंगवर लावले. थैलीतले 43 टक्के दोन माणसांत संपले. दोघांच्या गुणवत्तेबद्दल वाद नाही. युवराज तर त्याच वर्षी विश्वचषकात मालिकावीर ठरला. अडचण इतकीच की मैदानावर अकरा जण उतरवावे लागतात.

संघ 2011 मध्ये 14 पैकी 4 सामने जिंकला, 2012 मध्ये 16 पैकी 4 आणि 2013 मध्ये पुन्हा 16 पैकी 4. कर्णधार बदलले, परदेशी पाहुणे बदलले, पण चाराचा आकडा जागचा हलला नाही. इतकं सातत्य पुण्यात पीएमटीच्या वेळापत्रकालाही कधी साधलं नाही.

2013 ला धोरण बदललं. एकदोघांवर उधळण्याऐवजी पैसे तिघांत वाटले गेले. अजंता मेंडिसला सव्वासात लाख डॉलर, केन रिचर्डसनला सात लाख आणि अभिषेक नायरला पावणेसात. बेरीज केली तर बरोब्बर 21 लाख, म्हणजे सुटे करून दिलेला एक उथप्पा. त्याच वर्षी 23 एप्रिलला बंगळुरूत ख्रिस गेलने या संघाविरुद्ध 66 चेंडूंत नाबाद 175 धावा कुटल्या. ऑक्टोबरमध्ये क्रिकेट मंडळाने फ्रँचायझीच रद्द केली. हाताशी दहा वर्षांचा करार होता, पण पैसे खर्चले ते उद्याच चावी मिळणार असल्यासारखे.

पुढच्या पुणेकर संघाला घाईची सबब तरी होती. संजीव गोएंकांचा रायझिंग पुणे सुपरजायंट्स मुळात दोनच वर्षांसाठी जन्मला, त्यामुळे पाया भरत बसायला सवड नव्हती. साडेबारा कोटींचा महेंद्रसिंग धोनी कर्णधार असूनही 2016 मध्ये आठ संघांत सातवा नंबर आला. दुसऱ्या वर्षी कर्णधारपद स्टीव्ह स्मिथकडे गेलं, संघाच्या नावातला शेवटचा 'स' गेला आणि साडेचौदा कोटी देऊन बेन स्टोक्स आला. स्टोक्स खेळलाही झकास, स्पर्धेचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला आणि बाद फेरीच्या तोंडावर इंग्लंडच्या कामगिरीसाठी निघून गेला.

मागे कोण उरलं? दहा लाखांचा राहुल त्रिपाठी, ज्याने 391 धावा केल्या, आणि तीस लाखांचा जयदेव उनाडकट, ज्याने 24 बळी घेतले. दोघांची किंमत मिळून चाळीस लाख, म्हणजे एका स्टोक्समध्ये अशा छत्तीस जोड्या आल्या असत्या. 21 मे 2017 ला हैदराबादच्या अंतिम सामन्यात मुंबईने जेमतेम 129 केल्या. पुणे 128 वर थांबलं आणि करार संपल्याने संघही थांबला. पुढच्या लिलावात राजस्थानने उनाडकटसाठी साडेअकरा कोटी मोजले. आदल्या वर्षीच्या बळींचे पैसे यंदा भरायचे, ही चाल लिलावात नेहमीचीच.

अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी हे गणित आधीच मांडून ठेवलं होतं. 2002 मध्ये ओकलंडने सुमारे चार कोटी डॉलरच्या पगारपत्रकावर 103 सामने जिंकले. न्यूयॉर्कच्या यांकीजनेही 103 च जिंकले, पण त्यांना साडेबारा कोटी मोजावे लागले. ह्यूस्टनने तर सलग तीन हंगाम शंभराहून जास्त सामने हरत, तरुण पोरं जमवत दिवस काढले आणि 2017 ला विजेतेपद घेतलं. असा बेत कोथरूडच्या समितीपुढे ठेवला, तर पहिल्या हरलेल्या वर्षानंतरच विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस लागेल.

गंमत म्हणजे माल गल्लीतच होता. कोथरूडकर केदार जाधव दिल्ली, कोची, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद असा फिरला, पण पुण्याच्या एकाही आयपीएल संघाची जर्सी त्याच्या अंगावर चढली नाही. जानेवारी 2017 मध्ये त्याने गहुंज्यालाच इंग्लंडविरुद्ध 76 चेंडूंत 120 धावा ठोकल्या, तेव्हा टाळ्या वाजवायला अख्खं पुणं होतं. ऋतुराज गायकवाडला चेन्नईने वीस लाखांत उचललं. 2025 साठी त्यालाच राखून ठेवायला त्यांनी अठरा कोटी दिले.

पुण्याच्या एका संघाने मात्र आधी प्लिंथ, मग मार्बल असा सरळ क्रम लावला, तो म्हणजे पुणेरी पलटण. कबड्डी असल्याने तिकडे कोथरूडचं लक्ष जरा उशिराच गेलं. अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे ही पोरं स्वस्तात घेऊन, खेळवून, हरू देऊन तयार केली. ऑक्टोबर 2023 मध्ये एकच खांब कमी होता, तेव्हा कुठे इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईसाठी 2 कोटी 35 लाखांची थैली सोडली. त्याच लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला 2 कोटी 60 लाखांहून जास्त दिले. टायटन्स 22 पैकी 2 सामने जिंकून तळाला गेले. पलटणने मार्च 2024 मध्ये अंतिम सामन्यात हरयाणा स्टीलर्सला 28-25 हरवलं.

मग शादलुईला सोडलं. हरयाणाने त्याला 2 कोटी 7 लाखांना घेतलं आणि 29 डिसेंबर 2024 ला विजेतेपद पटकावलं. अंतिम सामना होता बालेवाडीत. कोथरूडहून चांदणी चौकमार्गे पोचलेल्या मंडळींनी शादलुईला मनसोक्त टाळ्या दिल्या आणि परतीच्या वाटेवर पार्किंगच्या दरावर सविस्तर चर्चा केली.